पहिलं स्टिअरिंग व्हील घेताना, बसवताना आणि हाताळायला शिकताना

सिम रेसिंगमध्ये, म्हणजे संगणकावर किंवा कन्सोलवर खऱ्यासारख्या गाड्यांच्या शर्यती खेळण्यात, नव्याने येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "कुठलं व्हील घेऊ?" मीही तोच विचारला होता. वर्षभर गेमपॅडवर खेळून झालं होतं, वळणात गाडी नेमकी कशाने सुटते ते कळत नव्हतं, आणि स्टिअरिंग हातात आलं की कळेल अशी खात्री होती. व्हील आलं, टेबलाला आवळलं, आणि पुढचे दोन आठवडे मी गेमपॅडवर होते त्यापेक्षाही हळू होते. टेबल हलायचं. ब्रेक दाबला की खुर्ची मागे पळायची आणि पेडल पुढे सरकायची. व्हीलमध्ये दोष काहीच नव्हता.

म्हणून या लेखात व्हीलची निवड तिसऱ्या क्रमांकावर आहे. आधीचे दोन टप्पे कंटाळवाणे वाटले तरी गाळू नका. पैसे वाया जातात ते बहुतेक तिथेच.

१. कशावर खेळणार ते आधी पक्कं करा

पीसीवर जवळपास सगळी व्हील चालतात. कन्सोलचं तसं नाही. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स आपापल्या परवान्याचीच व्हील ओळखतात. लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशनसाठी आणि जी९२० एक्सबॉक्ससाठी, दिसायला मात्र सख्खी भावंडं. जी९२३ तर एकाच नावाने दोन्ही प्रकारांत मिळतं, त्यामुळे खोक्यावरचं चिन्ह बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. थ्रस्टमास्टरचं टी३०० आरएस प्लेस्टेशनचं, मोझाचं आर५ पीसीचं. फॅनाटेकच्या सीएसएल डीडी या बेसला (मोटर असलेल्या डब्याला) एक्सबॉक्सशी जोडायचं तर एक्सबॉक्सचा परवाना असलेली रिम, म्हणजे हातात धरायचं चाक, लागते. प्लेस्टेशनसाठी बेसच वेगळा घ्यावा लागतो.

मला एका विक्रेत्याने "सगळ्यावर चालतं" असं सांगितलं होतं. ते चाललं नाही, आणि खोकं उघडलेलं असल्याने परतही घेतलं नाही. तेव्हा विक्रेत्याच्या शब्दावर न जाता उत्पादकाच्या पानावरची यादी वाचा. त्यासोबत गेमची यादीही बघा, कारण कन्सोलने व्हील ओळखलं तरी गेम ओळखेलच असं नाही.

कुठला गेम खेळणार यावरही थोडं अवलंबून आहे. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये ट्रक हाकायचा तर निदान ९०० अंश फिरणारं व्हील हवं. फॉर्म्युला गाड्यांना साधारण ३६० अंश पुरतात. रॅलीची आवड असेल तर पुढेमागे हँडब्रेक लागेल. आज बाजारात मिळणारी बहुतेक चांगली व्हील ९०० अंश किंवा त्याहून जास्त फिरतात, त्यामुळे यात अडकून पडू नका. एका गोष्टीपासून मात्र दूर राहा: फोर्स फीडबॅक (मोटरने हाताला उलटा जोर देणं) नसलेलं, नुसत्या स्प्रिंगवर मध्यावर येणारं व्हील. त्याने चाकाखाली काय चाललंय ते हाताला कधीच कळत नाही, आणि व्हील घ्यायचं कारण तर तेच आहे.

२. ते बसवणार कुठे?

मोजपट्टी घ्या आणि तीन गोष्टी मोजा. टेबलाच्या फळीची जाडी, कारण क्लॅम्प ठरावीक जाडीपर्यंतच उघडतो. फळीखाली ड्रॉवर किंवा आडवी पट्टी आहे का, कारण मग क्लॅम्पला धरायला जागाच उरत नाही. आणि खुर्चीत बसल्यावर मांडी आणि फळी यांत किती अंतर राहतं. काचेच्या किंवा पातळ भुशाच्या फळीला व्हील आवळू नका. माझ्या टेबलाची कड अशीच फुटली.

पर्याय तीन. टेबलाला क्लॅम्प करणं सगळ्यात स्वस्त, आणि हलक्या व्हीलला पुरेसं. घडी होणारा व्हील स्टँड जागा वाचवतो, पण जोरात ब्रेक दाबला की डुलतो. त्यात खुर्ची अडकवायची सोय असेल तरच घ्या. तिसरा पर्याय म्हणजे सीटसकट कॉकपिट, सीट, व्हील आणि पेडल एकाच सांगाड्यावर. ॲल्युमिनियम प्रोफाइलचा कॉकपिट जड आणि महाग असतो, पण त्याला नंतर काहीही जोडता येतं आणि तो वर्षानुवर्षं टिकतो.

टेबल आणि ऑफिसची खुर्ची यांवरच सुरुवात करत असाल तर खुर्चीच्या चाकांचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी करा. चाकं काढून टाकता आली तर उत्तम. नाहीतर जुने बूट घेऊन एकेक चाक एकेका बुटात ठेवा. खुर्ची हलत नाही. पेडलच्या पाठीमागे भिंत येईल असं टेबल लावा. अंतर उरलंच तर मधे लाकडाचा ठोकळा टाका. पेडल सरकत राहिली तर रोज पाय वेगळ्या ठिकाणी पडतो आणि ब्रेकचा सराव कधीच मुरत नाही.

३. आता व्हील

आत मोटर असते आणि ती रिमला जोर लावते. तो जोर रिमपर्यंत कसा पोचतो यावरून तीन प्रकार होतात.

गिअरचं व्हील, म्हणजे जी२९, जी९२० आणि जी९२३. दणकट, दुरुस्त करायला सोपं, जुनं घेतलं तरी बरीच वर्षं चालणारं. दात एकमेकांवर आपटतात त्यामुळे खडखडतं, आणि अगदी मध्यावर थोडी मोकळीक जाणवते.

पट्ट्याचं व्हील, उदाहरणार्थ टी३०० आरएस. हाताला मऊ, आवाज कमी. पण पट्टा बारीकसारीक धक्के थोडे गिळतो, आणि सलग तासभर चालवलं की मोटर तापून जोर कमी झाल्यासारखा वाटू शकतो.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मधे काहीच नसतं. रिम थेट मोटरच्या दांड्यावर बसते, म्हणून टायर घसरायला लागला की हाताला लगेच कळतं. पूर्वी हे फक्त हौसेला मोल नसणाऱ्यांचं काम होतं. २०२१ मध्ये फॅनाटेकचा सीएसएल डीडी आला, मग मोझाचे आर५ आणि आर९ आले, आणि नवशिक्यालाही विचार करता येईल अशा पातळीवर हे तंत्र उतरलं.

जोर न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. हा आकडा कागदावर काहीच बोलत नाही, म्हणून असा विचार करा: २८ सेंटीमीटर व्यासाच्या रिमवर २ न्यूटन-मीटर म्हणजे कडेला साधारण दीड किलोचं वजन टांगल्यासारखं. सीएसएल डीडी नेहमीच्या वीजपुरवठ्यावर ५ आणि मोठ्या अडॅप्टरवर ८ न्यूटन-मीटर देतो. ८ म्हणजे जवळपास सहा किलो. २० न्यूटन-मीटरचा बेस घेतलात तर साडेचौदा किलो, तेही क्षणार्धात उलटी दिशा पकडणारे. घरी शिकण्यासाठी ५ ते ८ भरपूर झालं. त्यावरचा जोर बहुतेक लोक सेटिंगमध्ये कमीच करून ठेवतात.

माझं मत स्पष्ट सांगते. हातात पैसे थोडे असतील तर चांगल्या अवस्थेतलं जुनं गिअरचं व्हील घ्या आणि उरलेले पैसे पुढच्या टप्प्यासाठी ठेवा. पैसे बरे असतील तर ५ ते ६ न्यूटन-मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह घ्या. नवं पट्ट्याचं व्हील आज मी घेणार नाही. किमतीतलं अंतर आता फार उरलेलं नाही.

जुनं घेताना इतकं तपासा:

- वीज जोडल्यावर व्हील आपणहून दोन्ही टोकांपर्यंत फिरून मध्यावर येतं का.
- हाताने सावकाश फिरवताना कुठे अडकतं का, करकरतं का.
- विंडोजच्या गेम कंट्रोलर पॅनेलमध्ये प्रत्येक पेडल हळूहळू दाबताना पट्टी सरळ चढते का. मधेच उड्या मारत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर (पेडलची जागा मोजणारा सेन्सर) घाण झालाय. साफ करता येतो, पण किंमत पाडून मागा.
- अडॅप्टर मूळचा आहे का, आणि क्लॅम्पचे स्क्रू शाबूत आहेत का.

४. ब्रेकवर खर्च करा

हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याच्याकडेच कोणी बघत नाही.

स्वस्त पेडल संचात ब्रेकचा सेन्सर पेडल किती अंतर खाली गेलं ते मोजतो. खऱ्या रेसिंग गाडीत ब्रेक पेडल फारसं हलतच नाही. पाय किती दाब देतोय यावर गाडी थांबते. पायाच्या स्नायूंनाही अंतरापेक्षा दाब चांगला लक्षात राहतो. डोळे मिटून पाय बरोबर चार सेंटीमीटर खाली न्या असं म्हटलं तर जमत नाही. मघाइतकाच जोर द्या म्हटलं की जमतं.

लोड सेल ब्रेक दाब मोजतो. आत धातूचा एक तुकडा असतो, तो दाबाने डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, आणि त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो. यंत्रणा एवढीच. पण ती आली की प्रत्येक वळणावर ब्रेक सारखा पडायला लागतो. मी व्हील तेच ठेवून फक्त पेडल बदलली, तेव्हा लॅपच्या वेळा एकमेकींच्या जवळ यायला लागल्या. सगळ्यात वेगवान लॅप फारशी बदलली नाही. वाईट लॅप कमी झाल्या. शर्यतीत कामाला येतं ते हेच.

फसगत एकच होते. लोड सेल ब्रेकला जोरात दाबावं लागतं, आणि तो जोर पेलायला मागची जागा पक्की लागते. डुलणाऱ्या स्टँडवर लोड सेल लावलात तर पाय पेडलला ढकलतो, पेडल स्टँडला ढकलतं, आणि मोजला जातो तो भलताच आकडा. म्हणून टप्पा २ आधी.

आज लोड सेल परवडत नसेल तर घाई नको. जी२९ आणि जी९२० च्या ब्रेकमध्ये आत रबरी ठोकळा असतो. शेवटच्या भागात तो कडक होतो आणि दाबाची थोडी जाणीव देतो. पुष्कळ जण वैतागून तो काढून टाकतात. तसाच राहू द्या, त्याच्याशी पाय जुळवून घ्या.

क्लच आणि एच-पॅटर्न शिफ्टर (खऱ्या गाडीसारखा गिअरचा दांडा) यांची सुरुवातीला गरज नाही. गिअर बदलायला रिममागचे, बोटांनी ओढायचे पॅडल पुरतात.

५. बसवणी

हाताशी ठेवा: ॲलन कीचा संच, पाना, स्क्रू ड्रायव्हर, मोजपट्टी, वेल्क्रोच्या पट्ट्या, केबल टाय, पेडलखाली घालायला रबरी मॅट, आणि एक वही. वही का, ते सातव्या टप्प्यात येईल.

आधी पेडल, मग सीट, मग व्हील, सगळ्यात शेवटी स्क्रीन. उलट्या क्रमाने गेलात तर दर वेळी आधीचं उसवावं लागेल.

ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. मग पाठ सीटला टेकवून हात सरळ पुढे करा: मनगट रिमच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, खांदे सुटता कामा नयेत. आता हात घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी आणा. कोपर आरामात वाकलेलं असेल. रिम छातीच्या उंचीला. टेबलावर हे सगळं तंतोतंत जमत नाही, तेव्हा निदान खुर्चीची उंची तरी त्यासाठी बदलून बघा.

क्लॅम्प हाताने आवळा, पान्याने नाही. अर्ध्या तासाने पुन्हा बघा, थोडा सैल झालेला असतो.

६. जोडणी आणि कॅलिब्रेशन

यूएसबी केबल थेट संगणकाला जोडा. स्वतःची वीज नसलेल्या हबमधून जोडलेलं व्हील शर्यतीच्या ऐन मध्यात गायब होतं. आधी उत्पादकाचं सॉफ्टवेअर टाका, फर्मवेअर (व्हीलच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, आणि ते चालू असताना केबलला हात लावू नका.

सुरू होताना व्हील स्वतःच गरगर फिरतं. त्या वेळी रिम धरू नका, नाहीतर मध्य चुकीचा पकडला जातो आणि सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत राहते. रिमजवळ चहाचा कप, केबल, लहान मुलाची बोटं, काहीही नको.

सॉफ्टवेअरमध्ये फिरण्याची मर्यादा ९०० अंश ठेवा आणि गेममध्येही तोच आकडा द्या. प्रत्येक गाडीला किती अंश लागतात ते बहुतेक सिम स्वतः सांभाळतात. मध्यावर आणणारी स्प्रिंग, म्हणजे सेंटरिंग स्प्रिंग, बंद करा. मध्यावर आणायचं काम गेममधल्या टायरचं आहे. डेडझोन (हलवूनही गेम दुर्लक्ष करतो तो भाग) शून्य करा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर पट्टी १०० पर्यंत जाते ना आणि पाय उचलल्यावर शून्यावर येते ना, ते बघा. पाय नुसता ठेवल्यानेही ब्रेक दोन टक्के लागत असेल, तर गाडी सरळ रस्त्यावर वेग का घेत नाही ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

७. फोर्स फीडबॅक: जोर कमी, माहिती जास्त

नवा माणूस जोर पूर्ण वाढवतो, कारण जड म्हणजे खरं असं वाटतं. मीही वाढवला होता. पण व्हीलचं काम तुम्हाला दमवायचं नाही, पुढचे टायर काय करतायत ते सांगायचं आहे. ते कसं सांगतं हे समजलं की सेटिंग आपोआप कळतात.

वळणात पुढचे टायर थोडे कोनात वळलेले असतात आणि ते चाकाला सरळ करायला बघतात. तो ओढा तुम्हाला हातात जाणवतो. स्टिअरिंग जसजसं जास्त वळवाल तसा ओढा वाढत जातो, पण टायरची पकड संपण्याच्या थोडं आधीच तो कमी व्हायला लागतो. म्हणजे हाताला व्हील हलकं लागतं. तो हलकेपणा ही सूचना आहे: आणखी वळवून उपयोग नाही, उलट थोडं सोडा. गेमपॅडवर वर्षभर मला जे कळलं नव्हतं, ते हेच.

आता समजा गेमला ८ न्यूटन-मीटर जोर पाठवायचाय आणि तुमचं व्हील २ च देऊ शकतं. मर्यादेच्या वरचं सगळं एकाच पातळीला कापलं जातं. याला क्लिपिंग म्हणतात. वळणाच्या ऐन मध्यात हात जड, आणि नेमका हलकेपणा यायचा तिथे काहीच बदलत नाही. सूचना असते, पण कापलेल्या भागात गेलेली असते.

म्हणून असं करा. उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोर १०० टक्के ठेवा (गिअरच्या आणि पट्ट्याच्या व्हीलसाठी, मोठ्या डायरेक्ट ड्राइव्हला अर्ध्यावरून सुरू करा). गेममधला गेन, म्हणजे गेम पाठवतो त्या जोराची पातळी, ६० ते ७० टक्क्यांवर आणा. असेटो कोर्सा या गेममध्ये फोर्स फीडबॅकची पट्टी पडद्यावर दिसते आणि क्लिपिंग झालं की लाल होते. वेगवान, लांब वळणात ती सतत लाल असेल तर गेन कमी करा. एखाद्या कर्बवर (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर) क्षणभर लाल झाली तर चालेल. आयरेसिंग या गेममध्ये काही लॅप नीट चालवल्यावर ऑटो बटण हा हिशोब स्वतः करतं.

गिअरच्या व्हीलला मध्यावर काहीच जाणवत नसेल तर किमान जोराचं सेटिंग थोडं वाढवा, व्हील खडखडायला लागेपर्यंत न्या आणि तिथून एक पायरी मागे या. डायरेक्ट ड्राइव्ह सरळ रस्त्यावर हात सोडल्यावर डावीउजवीकडे हेलकावे खात असेल तर डॅम्पिंग, म्हणजे फिरण्याला होणारा अवरोध, थोडं वाढवा. थोडंच. जास्त झालं की सगळं चिखलात चालवल्यासारखं लागतं.

आणि आता ती वही. एका वेळी एकच आकडा बदला, पाच लॅप मारा, काय जाणवलं ते लिहा. तीन आकडे एकदम बदललेत तर कशाने काय झालं ते कळायला मार्ग उरत नाही. इतरांच्या तयार सेटिंग सुरुवात म्हणून ठीक, पण त्यांचं व्हील, रिम आणि हात वेगळे असतात.

डायरेक्ट ड्राइव्ह घेतलेल्यांनी एवढं पाळाच: अंगठे रिमच्या आत, आऱ्यांमागे अडकवू नका, ते रिमवरच ठेवा. गाडी भिंतीवर आदळणार असं दिसलं की हात सोडा. मी सोडला नव्हता, आणि अंगठ्याचा सांधा तीन आठवडे दुखत होता. बेससोबत आपत्कालीन बंद बटण मिळालं असेल तर ते हाताला लागेल असं बसवा.

८. स्क्रीन किती जवळ?

जितकी जवळ आणता येईल तितकी. व्हीलच्या बेसच्या लगेच मागे असेल तर सर्वांत चांगलं.

मग गेममधला एफओव्ही, म्हणजे स्क्रीनवर किती अंशांचं दृश्य दिसतं तो कोन, हिशोबाने ठरवा. २७ इंची रुंद स्क्रीन साधारण ६० सेंटीमीटर रुंद असते. डोळ्यांपासून ती ६० सेंटीमीटरवर असेल तर आडवा कोन सुमारे ५३ अंश आणि उभा सुमारे ३१ अंश येतो. असेटो कोर्सा उभा कोन विचारतो, आयरेसिंग आडवा, तेव्हा आकडे उलटसुलट टाकू नका. पहिल्या दिवशी हे फार अरुंद वाटतं, आरसे दिसेनासे होतात, वेग कमी झाल्यासारखा भासतो. आठवडाभर तग धरा. वळणं खऱ्या आकाराची दिसायला लागतात आणि ब्रेक कुठे मारायचा त्याचा अंदाज बसतो.

९. पहिले वीस तास

एक गाडी आणि एक ट्रॅक. कमी ताकदीची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या. मझदा एमएक्स-५ त्यासाठी उत्तम, कारण चूक झाली तर ती हळूहळू घसरते आणि सावरायला वेळ देते. ट्रॅक छोटा हवा. ब्रँड्स हॅचचा इंडी मार्ग जेमतेम १.९ किलोमीटरचा आहे, त्यामुळे एकच वळण तासाभरात पन्नासदा हाताखालून जातं. नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेचा मोह सगळ्यांना होतो. ती लॅप २०.८ किलोमीटरची, तिसऱ्या वळणावर झालेली चूक सुधारायची संधी थेट पुढच्या फेरीत मिळते. ती नंतरसाठी ठेवा.

पहिले दोन-तीन तास फक्त ब्रेक. सरळ रस्त्यावर वेग घ्या, पट्टीकडे बघत ब्रेक ६० टक्क्यांवर नेऊन तिथेच धरा. मग ८०. मग पट्टी न बघता. त्यानंतर सुरुवातीलाच जोरात दाबून, वेग उतरेल तसा पाय हळूहळू सोडत वळणात शिरा. पाय एकदम उचललात तर पुढच्या टायरवरचं वजन उडतं आणि गाडी वळायचं नाकारते.

रिम घट्ट आवळून धरू नका. मागचं चाक घसरलं की व्हील स्वतःच उलट्या दिशेला फिरायला लागतं; तुम्ही त्याला थोडं फिरू द्यायचं आणि गाडी सरळ होताच परत आणायचं. मुठी आवळलेल्या असतील तर ही मदत हातापर्यंत पोचतच नाही. हात दुखायला लागले तर जोर जास्त आहे किंवा पकड जास्त आहे, बहुधा दोन्ही. अर्ध्या तासाने उठा, मनगटं मोकळी करा.

रस्त्यावर रेषा दाखवणारी मदत पहिल्या दिवशी फक्त ब्रेकच्या जागेपुरती चालू ठेवा. मग बंद करा आणि ब्रेकसाठी ट्रॅकवरच्या खुणा शोधा: अंतराची पाटी, डांबराचा रंग बदलतो ती जागा, कर्बची सुरुवात. रेषेकडे बघणारा डोळा वळणाच्या पलीकडे जात नाही.

१०. पुढचा खर्च कधी?

सलग दहा लॅप मारा, गाडी ट्रॅकबाहेर न जाता. सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट लॅप यांत एका सेकंदाहून जास्त फरक असेल तर नवीन काही घेऊ नका. फरक त्याहून कमी व्हायला लागला की आधी पक्की सीट, मग लोड सेल ब्रेक, आणि त्यानंतर जास्त जोराचा बेस. शिफ्टर आणि हँडब्रेक तुमच्या गाडीला खरोखर लागत असतील तेव्हाच घ्या.